घरखर्चाचा तक्ता आणि जूनची पेरणी



भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यातील मराठी कुटुंबांत, विशेषतः खानदेशातून आलेल्यांत, आम्हांला अलीकडे एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर एक्सेलचा तक्ता उघडून घरचा खर्च त्यात मांडते. पूर्वी हा हिशेब वाण्याच्या वहीत असे. म्हणजे तो वाणी ठेवी, आपण नव्हे. तेव्हा बदल चांगलाच आहे. परंतु असे पाच-सहा तक्ते आमच्यापुढे आले, आणि बहुतेकांत एकच चूक आढळली.

चूक बेरजेची नाही. बेरीज यंत्र करते. चूक महिन्याची आहे.

समजा, नवरा लूमवर आणि बायको घरी साड्यांना टिकल्या लावते. दोघांचे मिळून महिन्याला २२,००० रुपये येतात. भाडे व वीज ५,०००, किराणा, दूध, भाजी व गॅस ९,०००, जाणे-येणे व मोबाईल १,५००, शिकवणी २,०००. एकूण १७,५००. तक्ता सांगतो, शिल्लक ४,५००. घरात आनंद होतो आणि हप्त्यावर मोठा टीव्ही येतो. मग जून उजाडतो. गावाहून भावाचा फोन येतो, पाऊस झाला, कपाशीचे बियाणे आणि खत घ्यायचे आहे. त्याच आठवड्यात शाळेची फी. पाठोपाठ कोणाचे तरी लग्न.

हे खर्च अचानक आलेले नाहीत. पेरणी दरवर्षी जूनमध्येच होते! वर्षाचा हिशेब करून पाहा: पेरणीसाठी १८,०००, गावी जाणे व लग्नकार्य १२,०००, फी व वह्या ९,०००, दवाखाना ९,०००, सणाचे कपडे ६,०००. बेरीज ५४,०००. बाराने भागले की महिन्याला बरोबर ४,५००. म्हणजे ज्या शिलकेवर टीव्ही आला ती शिल्लक नव्हतीच. ती पेरणी होती. मग १८,००० व्याजाने आणावे लागतात. महिना शेकडा तीन हा दर ऐकायला हलका वाटतो. वर्षाला तो छत्तीस टक्के होतो आणि नुसते व्याज दरमहा ५४० रुपये जाते.

म्हणून आमचे मत असे की तक्त्यात बारा महिन्यांचे बारा रकाने आधी आखावेत, आणि ‘गाव’ ही ओळ भाड्याच्या खालोखाल असावी. कित्येकांच्या तक्त्यात ती ‘इतर’ मध्ये सापडली. जी जमीन आपण आपली म्हणतो ती ‘इतर’ कशी?

तक्त्याचा खरा उपयोग दुसराच आहे. १९७८ साली अमेरिकेत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की फळ्यावरील कोष्टकात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागतात. त्याने व बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आणले, आणि एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलू लागले. तेव्हा पगाराच्या घरात २२,००० ऐवजी १५,००० घालून पाहा. सुरतेत हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑगस्ट २००६ चा पूर, जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरुद्ध कापड बाजार बंद राहिला ते दिवस, आणि २०२० ची टाळेबंदी आपल्यापैकी अनेकांनी सोसली आहे. मीटरवर मजुरी मिळणाऱ्याला तर तापाचे सहा दिवस म्हणजे सहा दिवसांची मजुरी गेली. दवाखान्याच्या खर्चाबरोबर तीही मांडावी.

आणि तंबाखूची पुडी? रोजचे वीस रुपये कोणी लिहीत नाही. महिन्याला ६००, वर्षाला ७,२००. पेरणीच्या खर्चातला दोन पंचमांश भाग. तोंडाच्या कर्करोगाविषयी या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे, त्याचा किती उपयोग झाला ते ठाऊक नाही. निदान आकडा तरी दिसू द्या.

आता एक नाजूक गोष्ट. एका तक्त्यात बायकोचे माहेरचे तिकीट, तिच्या बांगड्या, शेजारणीच्या बाळाला दिलेले झबले, सर्व तारीखवार आणि लाल रंगात होते. नवऱ्याचा चहा, पान, मित्रांचा नाश्ता यांना ओळच नव्हती. “ते किरकोळ असतं, फादर,” असे उत्तर मिळाले. हा हिशेब नव्हे, ही पाळत आहे. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदपद्धती समजावून सांगितली. त्यात प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहावी लागते. घरात निदान दोघांनी लिहावे. दोघांनाही थोडी ठराविक रक्कम असावी, जिचा जाब कोणी कोणाला विचारणार नाही. काही भगिनी भिशीचे पैसे तक्त्याबाहेर ठेवतात. त्यांना आम्ही दोष देणार नाही. जिथे विश्वास आहे तिथे ते पैसे आपोआप तक्त्यात येतात.

एक सूचना राहिली. रकमेपुढे ‘रु.’ असे अक्षर लिहू नका. यंत्र त्याला शब्द समजते आणि बेरजेतून गाळते. आमच्याच सणाच्या खर्चात मंडपाचे ३,००० असे गळले होते, आणि आम्ही दोन दिवस खजिनदारांकडे संशयाने पाहत होतो.