माउलीला लुगडे का चालू नये?

वांद्र्याच्या टेकडीवरील पवित्र मरियेला आमच्या पूर्वजांनी ‘मोत माउली’ म्हटले. लुगडे नेसलेल्या आमच्या आज्या याच माउलीपुढे मेणबत्ती लावीत आल्या. परंतु तीच माउली एखाद्या चित्रकाराने साडीत रंगविली की आमच्यातील पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. ‘हे आपले नव्हे,’ असा निर्वाळा तत्काळ मिळतो. मग आपले ते कोणते? गोरा वर्ण आणि निळे डोळे? नाझरेथच्या यहुदी कन्येला इटलीच्या चित्रकारांनी इटालियन वेश चढविला, त्याला आम्ही भक्तिभावाने हात जोडले!

इतिहासाची साक्ष निराळी आहे. 1580 साली येशूसंघीय धर्मगुरू फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी गेले. त्यांनी नेलेली युरोपीय चित्रे पाहून मोगल चित्रकारांनी माता मरिया व बाळ येशू यांना आपल्या लघुचित्रशैलीत आणले. पुढे 1602 साली फादर जेरोम झेवियर यांनी फारसीत लिहिलेले ख्रिस्तचरित्रही त्याच शैलीतील चित्रांनी सजले. मुसलमान बादशहाच्या चित्रशाळेला जे जड गेले नाही, ते आम्हांला चार शतकांनंतर का जावे?

विसाव्या शतकाच्या आरंभी अवनींद्रनाथ टागोरांनी लघुचित्रांचा हा धागा पुन्हा हाती घेतला. त्यांचे शिष्य आंजेलो दा फोन्सेका (1902-1967) हे गोव्याचे कॅथलिक. त्यांनी मरियेला सावळा वर्ण व साडी दिली, शुभवर्तमानातील प्रसंग या मातीत घडविले. स्वधर्मीयांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. मुंबईच्या फादर हेरास यांनी मात्र त्यांना उत्तेजन दिले. गोवा सोडून फोन्सेका पुण्यास राहिले व तेथेच निवर्तले. आज त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात अभ्यासक पाहतात. आमच्या किती घरांतील अल्तारांवर त्यांपैकी एक तरी आहे?

‘हिंदू देवतांशी गल्लत होईल,’ हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. गल्लत साडीने होत नाही. धर्मशिक्षणाच्या उणिवेने होते. कोणतीही एक कलाशैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून राखून ठेवलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच स्पष्ट केले आहे. तेव्हा श्रद्धेचे निमित्त पुढे करू नये. अडसर आहे तो आमच्या न्यूनगंडाचा.

धर्मग्राम समित्यांना आमचे सांगणे एवढेच: पुढची प्लॅस्टरची मूर्ती मागविण्यापूर्वी एखाद्या भारतीय चित्रकाराचे दार ठोठवा. जिला जिभेने माउली म्हटले, तिला डोळ्यांनी परकी ठेवणे शोभत नाही.