बाटली वितळत नाही, मग आक्रसते का? प्लास्टिक आणि उष्णतेचं गणित

पाण्याची रिकामी बाटली धुवायला त्यात कडकडीत पाणी ओतलं आणि ती हातातल्या हातात आक्रसून वाकडी झाली. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. पण ती बाटली वितळलेली नसते. मग नेमकं होतं काय?

बाटली का आक्रसते?
प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्यांचा गुंता. पाण्याची बाटली पीईटी या प्लास्टिकची असते (तळाशी त्रिकोणात १). ते साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळतं, पण ७० ते ८० अंशांनाच मऊ पडतं. कारखान्यात बाटली फुगवताना या साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच थंड होतात. उकळतं पाणी पडलं की त्या सैल होऊन मूळ जागी येऊ पाहतात.

मग डबा का टिकतो?
जेवणाचे अनेक डबे पॉलिप्रॉपिलीनचे (त्रिकोणात ५) असतात. ते सुमारे १६० अंशांना वितळतं, म्हणून गरम भाजीने डब्याचा आकार बिघडत नाही. मात्र फोडणीचं तेल याहून जास्त तापू शकतं. कुकरचं बॅकेलाइटचं हँडल वेगळं. त्यातल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे ते वितळत नाही. फार तापलं तर करपतं.

आच नसतानाही?
नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन थर्माकोलवर टाकलं की खड्डा पडतो. संत्र्याच्या सालीतलं तेलही तेच करतं. हे वितळणं नाही, विरघळणं आहे. द्रावक साखळ्यांमध्ये शिरतो, त्यांची पकड सुटते, आत कोंडलेली हवा निघून जाते.

खरा प्रश्न
पातळ पिशवीतून उकळता चहा किंवा सांबार पार्सल मिळतं, तेव्हा 'पिशवी वितळली नाही ना?' एवढंच आपण पाहतो. ही कसोटी चुकीची आहे. प्लास्टिकचा आकार जसाच्या तसा असला तरी उष्णता आणि तेल-तुपामुळे त्यातले घटक अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं.

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी गरम पार्सल पिशवीतून देणं थांबलेलं नाही. कारवाई हवीच. शिवाय डब्यावर किती अंशांपर्यंत चालेल, हे मराठीत ठळक छापणंही सक्तीचं व्हावं. त्रिकोणातल्या आकड्याचा अर्थ ग्राहकाने शोधत का बसायचं? तोवर चहा-सांबार आणायला घरचा स्टीलचा डबा न्या.