पोच आली नाही म्हणजे...

जूनमध्ये दोन दिवस भोकरदनला घरी गेलो होतो. काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मला बघताच काका म्हणाले, "ये बाबा. तुमच्या ॲपला एकदा सांगितलेलं कळत नाही का रे?"

झालं होतं असं. काकांनी ॲपवरून मक्याच्या ४० बॅगा मागवल्या. कंपनीकडे नोंद झाली ८० ची, दोन वेगळ्या ऑर्डरी. उधारीची मर्यादा तिथेच संपली आणि कपाशीच्या बियाण्याची ऑर्डर अडकली. ती सुटायला चार दिवस लागले. तोवर नेहमीची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात! आणि त्या ॲपमागचा कोड कोणाचा? अस्मादिकांचा.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कंपनीचा सगळा व्यवहार एसएपीत असतो. बाहेरच्या प्रोग्रॅममधून ऑर्डर टाकायची तर एसएपीतली तयार फंक्शन्स, म्हणजे 'बापी', बोलवावी लागतात (नाव ऐकून मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं). जावासाठी जेको नावाची लायब्ररी आहे. तिच्यामुळे लांबच्या सर्व्हरवरचं फंक्शन आपल्याच फाइलमधलं असावं तसं बोलवता येतं.

माझ्या मते गोची इथेच आहे.

बापीने ऑर्डर तयार केली तरी ती लगेच जतन होत नाही. त्याच कनेक्शनवरून कमिटचा वेगळा कॉल करावा लागतो. आमचा कमिट पोचला, ऑर्डर जतन झाली, पण 'झालं' हे उत्तर परत येताना लाइन तुटली. माझ्या कोडला फक्त एरर दिसली आणि त्याने इमानेइतबारे सगळं पहिल्यापासून केलं. तो रिट्राय लूप मीच लिहिला होता, आणि रिव्ह्यूत त्याचं कौतुकही झालं होतं!

जवळचं फंक्शन एक तर चालतं, नाही तर पडतं. लांबच्याला तिसरी शक्यता असते: काम झालं, पण आपल्याला कळलं नाही. १९८४ मध्ये झेरॉक्स पार्कच्या बिरेल आणि नेल्सन यांनी लांबचा कॉल जवळच्यासारखा करता यावा अशी रचना मांडली. १९९४ मध्ये सनच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी बजावलं की दोन्ही एकच समजू नका. हे दुसरं कोणी वाचतच नाही. मीही वाचलं ते ८० बॅगांनंतर.

खरं तर आपल्या आजोबांना हे कळत होतं. मनीऑर्डर केली की पोच यायची. पोच आली नाही म्हणून कोणी लगेच दुसरी मनीऑर्डर करत नसे. पावती घेऊन आधी पोस्टात चौकशी करत.

उपायही तोच. बटण दाबताच ॲपने ऑर्डरला स्वतःचा नंबर द्यायचा, तो बापीच्या 'ग्राहकाचा ऑर्डर नंबर' या रकान्यात पाठवायचा. उत्तर आलं नाही तर जरा थांबून आधी एसएपीला विचारायचं, या नंबरची ऑर्डर आहे का? नसेल तरच पुन्हा पाठवायचं. एसएपीच्या टीआरएफसीत असा नंबर आयताच मिळतो, पण त्यात उत्तर परत येत नाही, आणि आम्हाला तर एसएपीचा ऑर्डर नंबर हवा होता.

हे बघायचं काम आर्किटेक्टचं, असं आपण सोयीने म्हणतो. मला ते पटत नाही. ज्याने कॉलची ओळ लिहिली, त्यानेच पोच आली नाही तर काय, हे लिहायला हवं.

असो. काकांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इतके दिवस पावती न फाडताच माल सोडत होता तुम्ही?"

हो काका. अगदी तेच.