मुदत द्या, पण सूट नको!

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. या परिसरात एका दिवसात चार भाषा कानावर पडतात. घरात झाडीबोलीतली मराठी, बाजारात हिंदी, गोंड वस्तीत गोंडी आणि गोठणगावजवळ १९७२ साली वसलेल्या तिबेटी निर्वासितांच्या वसाहतीत तिबेटी. पण याच भागात असेही लोक आहेत, ज्यांच्या कानावर यांपैकी एकही भाषा पडत नाही. ते कर्णबधिर आहेत. त्यांच्या घरातही टीव्ही आहे. त्या टीव्हीचा त्यांना उपयोग काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी निवेदक घसा फोडून सांगत असतो. पण ज्याला ऐकू येत नाही, त्याला फक्त हलणारे ओठ दिसतात. कोणी म्हणेल, खाली बातम्यांची पट्टी धावतेच की! धावते, पण निवेदक काय बोलतो आहे ते ती सांगत नाही. पूर्वी गावात दवंडी दिली जायची. दवंडी देणारा निदान गावच्या भाषेत बोलायचा आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला शेजारी हाताने खुणावून सांगायचा. आज उपग्रहावरून आलेली बातमी तेवढेही करत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे कोणी समजू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये कर्णबधिरांना सांकेतिक भाषा किंवा सबटायटलसह टीव्हीचे कार्यक्रम मिळावेत, यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्ही कार्यक्रमांसाठी मानके काढली. पण त्यांत थेट बातम्याच वगळून टाकल्या! म्हणजे मालिकेतली सासू-सून काय भांडली हे कर्णबधिराला कळावे. धरणाचे दरवाजे उघडले हे नाही कळले तरी चालेल! ही सूट कोणाच्या हिताची, हे वाचकांनीच ठरवावे.

‘तंत्र नाही, माणसे नाहीत, खर्च परवडत नाही’, ही सबब नेहमीची. अमेरिकेतही ती सांगितली गेली. तिथे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने सबटायटल बंधनकारक करण्याचा मार्ग खुला केला. नव्या इंग्रजी कार्यक्रमांसाठी १ जानेवारी २००६ ही तारीख ठरली. स्पॅनिश ही तिथे स्थलांतरितांची, कष्टकऱ्यांची भाषा. तिच्यात हे काम करणारी माणसे कमी होती. म्हणून स्पॅनिश कार्यक्रमांना चार वर्षे अधिक देऊन १ जानेवारी २०१० ही तारीख दिली. काही अपवाद तिथेही आहेत. पण ‘तुमची भाषा दुबळी, म्हणून तुम्हाला माफी’ असे तिथल्या आयोगाने स्पॅनिशबाबत म्हटले नाही. मुदत वाढवली, हक्क कापला नाही. आम्हाला नेमके हेच हवे आहे.

सबटायटलचा लाभ केवळ कर्णबधिरांना होतो असेही नाही. अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी यांनी गाण्यांखाली त्याच भाषेतील शब्द दाखवण्याचा प्रयोग पुढे आणला. १९९९ मध्ये तो गुजराती दूरदर्शनवर गेला. विचार साधा होता. साक्षरता वर्गात चार अक्षरे शिकलेल्या बाईला घरी वाचायला काहीच मिळत नाही आणि ती अक्षरे विसरली जातात. पाठ असलेल्या गाण्याचे शब्द डोळ्यांपुढून गेले, तर ती टिकतात. आमच्या वस्त्यांतल्या आयाबायांना याहून स्वस्त शाळा कोणती?

आता गोंडीकडे पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक आहेत. तरीही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि टीव्हीच्या हिशेबातही नाही. ज्या गोंड म्हाताऱ्याला मराठी वाचता येत नाही, त्याला मराठी अक्षरे देऊन काय उपयोग? त्याला धोक्याची सूचना गोंडी आवाजातच हवी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. मालमत्ता जनतेची, तर तिच्यावर इटियाडोहच्या कर्णबधिर मुलाचाही हिस्सा आहे. तो हिस्सा मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पूर, साथ, वीज अशा संकटाच्या बातम्यांना दिलेली सूट आधी रद्द करा. त्या सबटायटल आणि सांकेतिक भाषा अशा दोन्हींसह दाखवा. मराठी वाहिन्यांना वर्षनिहाय तारखा द्या. गोंडीला हवी तर अधिक मुदत द्या, पण तारीख द्या. आणि आमच्या कार्यकर्त्यांनी केवळ निवेदने देऊन थांबू नये. याच कायद्याच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत आणि पुढच्या उल्लंघनांना पाच लाखांपर्यंत दंड आहे. दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. ती करावी.

पाणी गावात शिरताना कोणाला ऐकू येते, कोणाला नाही, असे विचारत नाही. मग सूचना देणाऱ्याने तरी हा भेद का करावा?