हौशांची बाजू

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावापासून वीस किलोमीटरवर एका माळावर हौशी लोकांच्या मोटार-शर्यती झाल्या. आठशे सी.सी.च्या गटात एकतीस गाड्या उतरल्या होत्या. त्यांत मी सव्विसावा आलो.

हे वाक्य मी होता होईल तो निर्विकारपणे लिहिले आहे. कारण घरी, शाळेत आणि न्हाव्याच्या दुकानात ते उच्चारले तेव्हा कुणीही निर्विकारपणे ऐकून घेतले नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, सव्विसावंच यायचं होतं तर एस.टी.नं यायचं!" आमच्या हेडमास्तरांनी चष्मा पुसत विचारले, "आणि मागचे पाच? त्यांच्या गाड्या बंद पडल्या होत्या का?" (दोघांच्या पडल्या होत्या. मी ते सांगितले नाही.) न्हावी एवढेच म्हणाला, "या वयात, मास्तर?" सगळ्यांच्या बोलण्याचा मथितार्थ एकच : जिंकायचे नव्हते, तर गेलात कशाला?

या प्रश्नाला तोंडावर उत्तर देणे मला जमले नाही. मी मुळात हजरजबाबी नव्हे. म्हणून तर कादंबऱ्या लिहितो. पण दिवाळीच्या दिवसांत, चकली हातात असताना, माणसे जरा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात अशी माझी समजूत आहे. तेव्हा आज ते उत्तर देतो, आणि जरा भांडतच देतो.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. वय पंचेचाळीस. शिक्षण दहावी; आमचे वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. एका लहानशा खाजगी शाळेत मराठी शिकवतो. तीन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. त्यांतल्या एकीलाही पुरस्कार मिळालेला नाही. पण 'मग लिहिता कशाला' असे अजून मला कुणी विचारलेले नाही. निदान तोंडावर नाही. गाडी माझी नव्हे, एका गॅरेजवाल्या मित्राची. मारुती आठशे. १९८३ साली या देशाच्या रस्त्यावर आली आणि २०१४ साली जिचे उत्पादन थांबले, तीच. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरातली पहिली मोटार हीच असेल आणि तिला घातलेला झेंडूचा हार अजून आठवत असेल. मित्राने तिच्या मागच्या बैठका काढून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला आहे. डोक्याला शिरस्त्राण आणि छातीवर पट्टे बांधून आत बसले की आपण शिक्षक आहोत हे प्रथम विसरायला होते.

या शर्यतीला ऑटोक्रॉस म्हणतात. मातीच्या मैदानावर खुणेचे शंकू मांडून वाकडातिकडा मार्ग आखलेला असतो. एका वेळी एकच गाडी सुटते. तिची झुंज घड्याळाशी असते. शंकू पाडला की सेकंदांचा दंड. ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते. पण सैल मातीवर पहिल्याच वळणाला मी चाक उजवीकडे फिरवले आणि गाडी सरळच चालली, तेव्हा माझ्या पोटात जे झाले ते मला कुठल्याच कादंबरीत लिहिता आलेले नाही. चाके वळलेली, गाडी मात्र ऐकत नाही! घाबरून मी चाक आणखी पिळले. ती आणखी सरळ गेली. दोन शंकू पडले.

फेरी संपल्यावर मित्राने समजावले. पुढची चाकेच गाडी ओढतात आणि तीच तिला वळवतातही. वेग फार झाला की त्यांची मातीवरची पकड सुटते. मग चाक पिळून काही उपयोग नाही. वेग वळणाच्या आधी मारायचा, वळणात नव्हे. तरीही नाक सरळच चालले, तर पाय हलकेच उचलायचा. भार पुढे येतो, चाके माती पकडतात आणि नाक आपोआप आत येते. आणि शंकूकडे बघायचे नाही. ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर जाल. जिथे जायचे आहे तिथे बघा.

तिसऱ्या फेरीला त्याच वळणावर मी पाय उचलला. क्षणभर काही झाले नाही. मग एखाद्या शहाण्या म्हशीने मान वळवावी तसे गाडीचे नाक वळले, मागची बाजू जराशी सरकली, शंकू खिडकीपासून हातभर अंतरावरून गेला आणि तो उभाच राहिला. शिरस्त्राणाच्या आत मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते विद्यार्थी हा अंक वाचत असल्यामुळे लिहीत नाही. पहिल्या फेरीला दोन मिनिटे चौदा सेकंद लागले होते, तिसरीला दोन मिनिटे पाच. पहिल्या आलेल्या पोराची वेळ होती एक मिनिट एक्केचाळीस. त्याने मला शंभर वेळा हरवावे. माझे नऊ सेकंद त्याला काढून घेता येतील काय?

जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे जातात असे आपल्याकडे म्हणतात. शर्यतीच्या मैदानावरही तीच मंडळी भेटतात. नवशांना नंबर हवा असतो. गवसे काही विकायला, काही उचलायला, काही दाखवायला आलेले असतात. आणि हौशे आलेले असतात, बस्स. चमत्कार असा की मैदान उभे राहते ते हौशांच्या नावनोंदणीच्या पैशांवर आणि माळ भरतो तो त्यांच्या धुळीने. एकतीस जणांत बक्षिसे तीन. उरलेले अठ्ठावीस घरी बसले तर तीन नवशांनी हरवायचे तरी कुणाला?

कुणी म्हणेल, हा हरलेल्यांचा नवा वेदांत आहे. शर्यत ही मुळात पहिला कोण हे ठरवायलाच जन्मली. तसे नाही. मोटारींची जगातली पहिली मोठी चढाओढ झाली २२ जुलै १८९४ रोजी, पॅरिसपासून रुआँपर्यंत, १२६ किलोमीटरांची. एका वर्तमानपत्राने ती भरवली होती. शंभराहून अधिक जणांनी नावे दिली, प्रत्यक्ष निघाल्या एकवीस गाड्या. सर्वांच्या आधी पोहोचला द दिओं नावाचा सरदार, आपल्या वाफेच्या गाडीतून. पण पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही! अट अशी होती की गाडी बिनधोक असावी, हाकायला सोपी असावी आणि तिचा खर्च बेताचा असावा. सरदारसाहेबांच्या गाडीत कोळसा सारायला वेगळा माणूस लागे. पहिले बक्षीस प्यूजो आणि पानार-लव्हासॉर या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यांत वाटून दिले. म्हणजे 'पहिला आला तोच खरा' हा नियम मोटारीबरोबर जन्मलेला नाही, तो मागाहून चिकटला.

इंग्लंडात तर तो काही ठिकाणी अजून चिकटू दिलेला नाही. १८९६ च्या नोव्हेंबरात तिथे मोटारींची वेगमर्यादा ताशी चार मैलांवरून चौदावर नेली, त्या आनंदात लोक लंडनहून ब्रायटनला गाड्या घेऊन गेले. त्या फेरीची आठवण म्हणून १९२७ पासून दर नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या मागेपुढे, १९०५ पूर्वीच्या गाड्या त्याच वाटेने जातात. पहिला कोण हे कुणी मोजत नाही. दुपारी साडेचारच्या आत पोहोचेल त्याला पदक. वाटेत बंद पडलेल्या गाडीखाली झोपलेला म्हातारा त्या दिवशी कुणाला अपयशी वाटत नाही.

परदेशाचे सोडा. आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड भागात बैलगाडा घाटातून एकटाच सुटतो आणि त्याचे सेकंद मोजतात. एकेका नंबरात अनेक गाडे बसतात. गुलाल सगळ्यांना पुरतो. २०१४ ते २०२१ या काळात न्यायालयाच्या बंदीमुळे शर्यती थांबल्या, तेव्हा माझ्या एका चुलत्याने आपला खोंड विकला नाही. रोज सकाळी त्याला पोहायला नेत असे. मी विचारले, "काका, आता नंबर कुठला यायचाय?" ते म्हणाले, "नंबर माझा कुठाय? खोंड माझाय."

'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' हा एक शेलका आहेर मला चारचौघांत मिळाला आहे. पण तो कोल्हा द्राक्षांना नावे ठेवून चालता झाला होता. मी अजून त्याच वेलाखाली उड्या मारतो आहे, आणि द्राक्षे गोड आहेत असेच म्हणतो आहे. मला जिंकायला आवडले असते. त्या पोराला गाठावे म्हणून मी जीव तोडून गाडी हाकली. अर्ध्या मनाने हाकणाऱ्याला हरण्याचीही चव कळत नाही. प्रश्न जिंकण्याच्या इच्छेचा नाहीच. जिंकलो नाही तर सगळे मातीमोल, या धाकाचा आहे.

हा धाक मी अपरात्री महामार्गावर पाहिला आहे. दोन पोरे, दोन गाड्या, बाजूला मोबाईल धरून उभे असलेले दहा दोस्त. तिथे शिरस्त्राण नसते, शंकू नसतात. समोरून दुधाची गाडी येत असते. त्यांना गाडी आवडते असे मला वाटत नाही. त्यांना मागे राहण्याची भीती वाटते. ती भीती त्यांना कुणी शिकवली?

इथे मला स्वतःकडे बोट दाखवावे लागते. आमच्या सोसायटीत दिवाळीच्या किल्ल्यांना नंबर देतात, तिथे परीक्षक मी असतो. आणि दोन वर्षांमागे माझी मुलगी शाळेत आठशे मीटर धावण्यात चौथी आली, तेव्हा मी म्हणालो होतो, "तिनांत नाहीस म्हणजे धावलीस काय नि बसलीस काय!" मी हे सहज, जेवता जेवता म्हणालो. पुढच्या वर्षी तिने नावच दिले नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, "नंबर येणार नाही, बाबा."

माळावर ती माझ्याबरोबर आली होती. घड्याळ लावून तिन्ही फेऱ्यांची वेळ तिनेच वहीत टिपली, आणि त्या दिवशी 'कितवे आलात' हे न विचारणारी ती एकटीच होती. परतताना, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या असताना, तिने विचारले, "बाबा, त्या वर्षीची माझी वेळ शाळेत कुणी लिहून ठेवली असेल का?"

मी खेळाच्या शिक्षकांकडे जाऊन जुनी नोंदवही पाहिली. तिच्यात तीनच रकाने आहेत. चौथ्याची वेळ लिहीत नाहीत. चौथा रकाना आखायला कुणाची परवानगी लागते का, असे मी विचारले. लागत नाही म्हणाले. आजवर कुणी मागितला नव्हता, एवढेच.