जंतूंना मारावे की मागे टाकावे?

दुधाला ताजे आणि पुरेसे विरजण लावले तर दही छान लागते. विरजण फार कमी पडले तर भलतेच जंतू माजतात आणि दूध नासते. अल्कोहोलच्या कारखान्यातही असेच घडते.

१८५६ साली फ्रान्समधील लील शहरी बीटपासून अल्कोहोल बनविणारा एक कारखानदार लुई पाश्चर यांच्याकडे तक्रार घेऊन आला. त्याची पिंपे आंबत होती, अल्कोहोल कमी निघत होते. पाश्चरनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोलसर पेशी होत्या. बिघडलेल्या पिंपात काडीसारखे बारीक जीवाणू होते. हे जीवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. तेवढी साखर वाया जाते, आणि आम्ल वाढले की यीस्टही मंदावते.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे प्रतिजैविके. अमेरिकेत मक्यापासून अल्कोहोल बनविताना पेनिसिलिन, विर्जिनियामायसिन यांचा वापर होत आला आहे. मला हा मार्ग पसंत नाही. वारंवार औषध घातले की त्याला न जुमानणारे जीवाणूच मागे उरतात. शिवाय उरलेला चोथा गुरांना घालतात. त्यात औषधाचा अंश राहू शकतो. माणसाचे प्राण वाचविणारी औषधे पिंपात ओतून बोथट का करावीत?

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. म्हणून हिशेब मांडतो. समजा, यीस्ट दर २ तासांनी आणि जीवाणू दर तासाला दुप्पट होतात. १० तासांत यीस्ट ३२ पट, तर जीवाणू १०२४ पट होतील. सुरुवात बरोबरीची असेल तर यीस्ट हरलेच. पण आरंभी यीस्ट हजारपट असेल, तर १० तासांनंतरही ते सुमारे ३१ पट अधिक राहील. तोवर बरीचशी साखर त्याने संपविलेली असेल!

ब्राझीलमधील उसाच्या कारखान्यांत हेच करतात. यीस्ट वेगळे काढून ते सौम्य गंधकाम्लात, पीएच २ ते २.५ असताना धुतात. यीस्ट हे सोसते, पुष्कळ जीवाणू सोसत नाहीत. तेच यीस्ट भरपूर प्रमाणात पुन्हा वापरल्याने किण्वन ६ ते १२ तासांत आटोपते. तेथेही कधी कधी प्रतिजैविके घालावी लागतात, हे खरे. पण तो शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

आपल्याकडेही मळीपासून अल्कोहोल बनते, ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. तेव्हा हा प्रश्न परका नाही. शिक्षकांनी भूमितीश्रेणी शिकविताना हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. आणि तुम्ही दोन वाट्यांत कमी-अधिक विरजण लावून पाहा.