वावरात जळणाऱ्या डिझेलवर रस्त्याचा कर कशासाठी?



कृषी महाविद्यालयात असताना आम्हाला एक प्रयोग करावा लागे. ट्रॅक्टरची टाकी काठोकाठ भरायची, एक एकर नांगरायचा, ट्रॅक्टर परत त्याच जागी उभा करायचा आणि मोजपात्राने टाकी पुन्हा काठापर्यंत भरायची. जेवढे डिझेल लागले तेवढे त्या एकराचे. वहीत आम्ही लिटर लिहीत होतो, किंमत लिहीत होतो. त्या किमतीत कर किती आणि तो कशासाठी, असा रकानाच वहीत नव्हता. पदवी मिळाली तरी तो रकाना कोणी शिकवला नाही. तो शिकवला पंपावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या एका कास्तकाराने. तो म्हणाला, "साहेब, डिझेलवर रस्त्याचा कर घेतात म्हणता. माहा ट्रॅक्टर त वावरात चालते. वावरात कोणता रस्ता बांधला सरकारनं?"

या प्रश्नाला सरकारजवळ उत्तर नाही. म्हणून तो मोठ्याने विचारला पाहिजे.

हा कर आला कुठून ते आधी पाहू. पेट्रोलवर रस्त्यासाठी कर लावणारे पहिले राज्य अमेरिकेतील ओरेगॉन. साल १९१९. हिशेब सोपा होता : जो गाडी जास्त चालवतो तो तेल जास्त जाळतो आणि रस्ताही तोच जास्त वापरतो. मग तेलावरच कर घ्या, वेगळा मीटर नको. तेव्हा तो हिशेब बराचसा खराही होता. आपल्याकडे १९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर लिटरमागे एक रुपया रस्त्यासाठी सुरू झाला. २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. डिझेलच्या उपकरातील निम्मा पैसा ग्रामीण रस्त्यांना, असे त्यात लिहिले होते. म्हणजे निदान बोलायला तरी जागा होती : तुमच्या ट्रॅक्टरचा पैसा घेतो, पण तुमच्या गावाचा रस्ता करतो.

पुढे काय झाले? २०१८ साली याच उपकराला 'रस्ते व पायाभूत सुविधा उपकर' असे नवे नाव मिळाले आणि दर झाला लिटरला ८ रुपये. निधीच्या नावातही 'पायाभूत सुविधा' हे शब्द घुसले आणि रस्त्याच्या पैशाला रस्त्याबाहेरच्या वाटा फुटल्या. मे २०२० मध्ये, जगात कच्चे तेल मातीमोल झाले असताना, हा एकच उपकर १८ रुपयांवर गेला. पुढे दर खाली आले, पण घेण्याची रीत तीच राहिली. उपकर असल्यामुळे राज्यांना त्यात कायद्याने वाटा नाही. २०२१ साली डिझेलवर लिटरला ४ रुपयांचा 'कृषी पायाभूत सुविधा' उपकर आला. त्या वेळी दुसरे कर तेवढे कमी केले, त्यामुळे पंपावर भाव वाढला नाही हे खरे. पण शेतीच्या नावाचा उपकर शेतीच्याच डिझेलवर, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद दिली पाहिजे! आपले राज्य सरकारही मागे नाही. २०१५ साली दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लावले. दुष्काळात पऱ्हाटी वाळलेला शेतकरी पुढच्या हंगामाची नांगरट करायला गेला, तेव्हा दुष्काळाचा कर त्याच्याच कॅनवर बसला.

आता पाच एकर कोरडवाहू जमीन धरा. नांगरट, वखरपाळी, पेरणी, ज्वारीची मळणी, सगळे मिळून एकरी २० लिटर डिझेल धरा. तुमचा आकडा कमी-जास्त असेल, तो तुम्ही घाला. पाच एकरांना १०० लिटर. १८ रुपयांच्या दराने रस्त्याचा कर झाला १,८०० रुपये. ८ रुपयांच्या दरानेही ८००. यातले एक थेंबही डांबरावर जळलेले नाही. कोणी म्हणेल, माझ्याकडे ट्रॅक्टरच नाही, मला काय त्याचे? भाऊ, तू भाड्याने नांगरट करतोस ना? डिझेल वाढले की ट्रॅक्टरवाला एकराचा भाव वाढवतो. कर तूच देतोस, फक्त तुला पावती मिळत नाही.

दुसरीकडे पाहा. शहरात विजेवर चालणारी मोटार आली. ती पंपावर जात नाही, म्हणून रस्त्याचा उपकर देत नाही. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. विजेच्या गाड्यांशी आपले वैर नाही. पण जो गुळगुळीत रस्त्यावर रोज धावतो त्याला रस्ता फुकट आणि जो वर्षभर ढेकळांत फिरतो त्याने रस्त्याचे बिल भरायचे, हा न्याय कोणत्या पोथीतला?

तेलाचा कर आटणार हे जगातल्या सरकारांनाही कळून चुकले आहे. म्हणून आता विचार चालू आहे तो तेलावर नव्हे, चाललेल्या अंतरावर कर घेण्याचा. ज्या ओरेगॉनने तेलावरचा कर शोधला, त्यानेच २०१५ साली स्वेच्छेने येणाऱ्या मोटारवाल्यांसाठी मैलामागे दीड सेंट आकारणारी योजना सुरू केली आणि पंपावर भरलेला इंधनकर त्यातून वजा करून दिला.

पण आपल्या कामाचे उदाहरण आहे न्यूझीलंडचे. मेंढ्या, गाई आणि कुरणांचा तो देश. तिथले पुष्कळ डिझेल शेतात, बोटींत आणि कारखान्यांत जळते. म्हणून १९७८ पासून तिथे डिझेलवर पंपावर रस्त्याचा कर घेतच नाहीत. डिझेलची गाडी रस्त्यावर चालवायची तर हजार-हजार किलोमीटरचा परवाना आधी विकत घ्यायचा. लहान गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर, जड ट्रकला वजन आणि चाकांच्या आसांप्रमाणे जास्त. एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारीही या हिशेबात आल्या. पेट्रोलच्या मोटारींनाही इकडेच आणायचे, असे त्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. वावरात राबणाऱ्या ट्रॅक्टरला पंपावर रस्त्याचा कर लागत नाही. त्यासाठी अर्ज नाही, दाखला नाही, अनुदान नाही.

हे नीट लक्षात घ्या. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शेतीच्या डिझेलला तांबडा रंग देतात आणि त्यावरचा कर माफ किंवा कमी ठेवतात. आपल्याकडे हे करा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. रेशनचे रॉकेल निळे होते ना? ते ट्रकच्या टाकीत जायचे थांबले का? एका वस्तूचे दोन भाव केले की मध्ये चोर उभा राहतो आणि त्याच्या मागे हप्ता घेणारा निरीक्षक. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती रांग आणि तलाठ्याचा दाखला. अंतरावरच्या करात डिझेलचा भाव एकच राहतो. चोरायला फरकच उरत नाही. आम्हाला स्वस्त डिझेलची भीक नको. जो रस्ता आम्ही वापरला नाही त्याचे बिल आमच्या नावावर फाडू नका, एवढेच म्हणणे आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला : ट्रॅक्टरही ट्रॉली लावून रस्त्यावर येतोच की! येतो. मग त्या अंतराचे पैसे घ्या, आम्ही नाही म्हणत नाही. ट्रॅक्टरचा मीटर तास मोजतो, किलोमीटर नाही, ही अडचण खरी. पण भाड्याने वाहतूक करणारा ट्रॅक्टर वेगळा नोंदवता येतो. शेतीच्या ट्रॅक्टरची बाजारापर्यंतची फेरी वर्षाच्या एका ठरावीक रकमेत बसवता येते.

दुसरा आक्षेप : ट्रकला किलोमीटरचा कर लागला तर कापसाचे भाडे वाढेल. आजही ट्रक डिझेलमधून तो कर देतोच आणि तो भाड्यात येतोच. पंपावरचा कर काढून तोच अंतरावर घेतला तर बोजा नवा नाही. हिशेब मात्र खरा होतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचणी घेतली. आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा हिशेब त्यातून निघाला. तेल काही सोळापट जळत नाही. म्हणजे तेलावरच्या करात जादा माल भरणारा सुटतो आणि त्याने खणलेल्या खड्ड्याचे पैसे बाकीचे भरतात.

तिसरा आक्षेप : सरकार गाडीत यंत्र बसवून माणसावर पाळत ठेवील. ही भीती मला रास्त वाटते. पण अंतर मोजायला उपग्रह लागत नाही. न्यूझीलंडमधल्या लहान गाडीचा हिशेब तिच्या साध्या किलोमीटर मीटरवर चालतो. कुठे गेला हे विचारण्याचे कारण नाही, किती चालला एवढे पुरे.

खरा धोका वेगळाच आहे आणि तो आपल्या दारात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गाच्या शुल्काचे नियम बदलले. उपग्रहाच्या साहाय्याने, चाललेल्या अंतराप्रमाणे टोल घेण्याची सोय त्यात केली. असे यंत्र बसवलेल्या गाडीला दिवसाला २० किलोमीटर मोफत. ही पद्धत देशभर लावण्याचा निर्णय झालेला नाही, असा खुलासा मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये केला. पण नियम पुस्तकात आहे. उद्या तो आला आणि डिझेलवरचा उपकर तसाच राहिला, तर एकाच रस्त्याचे पैसे दोनदा. सुधारणा म्हणायची आणि नवा कर जुन्याच्या डोक्यावर ठेवायचा, ही सरकारची जुनी खोड आहे. आपली लढाई तिथे आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडावा.

एक, डिझेलच्या भावातील रस्त्याचा उपकर रद्द करावा. रस्त्याचा पैसा रस्त्यावर चाललेल्या अंतरावर आणि वजनावर घ्यावा, मग गाडी डिझेलची असो की विजेची.

दोन, जुना कर गेल्याशिवाय नवा येऊ देऊ नये. दोन्ही एकदम चालणार नाहीत.

तीन, तोपर्यंत डिझेलच्या उपकरातील निम्मा पैसा ग्रामीण रस्त्यांना, हा २००० सालचा शब्द पाळावा आणि त्यात पांदण रस्ते धरावेत.

मेळाव्याला येताना या हंगामातील डिझेलच्या पावत्या सोबत आणा. ज्यांनी भाड्याने नांगरट केली त्यांनी दिलेल्या भाड्याचा आकडा लिहून आणावा. गावागावाचा हिशेब एका कागदावर मांडू आणि तो कागद घेऊनच जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत बैलगाडी आसापर्यंत रुतते, कापसाची बोंदरी डोक्यावर घेऊन बाया गुडघाभर चिखलातून येतात. रस्त्याचा कर याच घरांकडून इतकी वर्षे वसूल झाला. तो किती झाला, हे आता आपण मोजून सांगू.